खोडी तारांची, गाजावाजा फ्रेमचा

१९७७ च्या ऑक्टोबरात फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या टेनिस स्पर्धेत अर्जेंटिनाच्या गियर्मो विलासने अंतिम सामना अर्धवट सोडला. पहिला सेट १-६, दुसरा ५-७, तिसऱ्यासाठी तो थांबलाच नाही. हा तोच विलास, जो क्ले कोर्टवर, म्हणजे मातीच्या मैदानावर, सलग ५३ सामने जिंकून तिथे पोहोचला होता. समोर रुमानियाचा इली नास्तासे होता, पण विलासचा राग नास्तासेच्या हातातल्या रॅकेटवर होता. गंमत म्हणजे थोड्याच दिवसांपूर्वी पॅरिसमध्ये नास्तासे स्वतः तसल्याच रॅकेटपुढे, जॉर्ज गोव्हाँकडून हरला होता. तेव्हा त्याने थयथयाट केला आणि मग सरळ तशीच रॅकेट पैदा केली.

ही स्पॅगेटी रॅकेट. ती बनवणारा वेर्नर फिशर हा बव्हेरियातला, बागायतीचं शिक्षण घेतलेला माणूस. विचित्र रॅकेटांचा विषय निघाला की लोक फ्रेमच्या आकारांबद्दल बोलतात: मोठं डोकं, लांब दांडा, दोन मुठी. स्पॅगेटीची फ्रेम मात्र नेहमीचीच होती. सगळी करामत गटिंगमध्ये, म्हणजे तारा ओवण्या-ताणण्यात होती, आणि टेनिसमध्ये खरा फरक बहुतेक वेळा तिथेच पडतो.

साध्या गटिंगमध्ये आधी उभ्या तारा ओढतात, मग आडवी तार एकीच्या वरून, दुसरीच्या खालून अशी विणत नेतात. या विणीमुळे तारा एकमेकींना धरून ठेवतात. फिशरने वीणच काढून टाकली. त्याने उभ्या तारांचे दोन थर केले, एक या बाजूला, एक त्या बाजूला, आणि मधे मोजक्याच आडव्या तारा ठेवल्या. उभ्या तारा आडव्यांमध्ये कुठेच गुंतलेल्या नव्हत्या. घर्षण कमी व्हावं म्हणून तारांवर प्लॅस्टिकच्या नळ्या चढवल्या आणि उभ्या तारा एकमेकींना दोरीने बांधल्या, म्हणजे सगळा थर एकत्र हलेल.

टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने गिरकी देणारा फटका, मारताना रॅकेट आडवी असते आणि खालून वर जाते. चेंडू तारांवर सुमारे ४ ते ५ मिलिसेकंद टिकतो. तेवढ्या वेळात तो उभ्या तारांना जमिनीच्या दिशेने ढकलतो. स्पॅगेटीत हा अख्खा थर सरकायचा आणि चेंडू सुटायच्या आत झटक्याने मूळ जागी यायचा. परत येताना तो चेंडूला आणखी फिरवून सोडायचा. त्या काळच्या साध्या गटिंगमध्ये तार सरकली की सरकलेलीच राहायची. जुन्या सामन्यांच्या चित्रफितीत दोन गुणांच्या मधे खेळाडू बोटांनी तारा सरळ करताना दिसतात, त्याचं कारण हेच. सरकलेली तार परत आली नाही, तर साठवलेली ऊर्जा चेंडूला मिळत नाही.

प्रतिस्पर्ध्याची पंचाईत फक्त या गिरकीने उसळणाऱ्या टप्प्यामुळे होत नव्हती. चांगला खेळाडू फटक्याचा आवाज ऐकून वेगाचा अंदाज घेतो. या रॅकेटचा आवाज दबका होता, त्यामुळे कान निकामी झाले. चेंडू हळू येतोय असं वाटायचं, आणि टप्पा पडून तो खांद्यावर चढायचा.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा बॅरी फिलिप्स-मूर युरोपात ही रॅकेट वापरत होता. त्याच्याकडची पाहून अमेरिकेच्या माइक फिशबाखने भावाच्या मदतीने घरीच स्वतःची नक्कल तयार केली. जागतिक क्रमवारीत दोनशेच्या आसपास असलेला हा खेळाडू १९७७ च्या यूएस ओपनमध्ये बिली मार्टिनला आणि नंतर चक्क स्टॅन स्मिथला हरवून गेला. स्मिथ म्हणजे विम्बल्डन आणि यूएस ओपन दोन्हींचा माजी विजेता. पुढच्या फेरीत ब्रिटनच्या जॉन फीव्हरने फिशबाखला अडवलं. नुसत्या गटिंगवर अख्खी स्पर्धा जिंकता येत नाही एवढं त्यातून दिसलं, पण तोवर बाकीच्या खेळाडूंचा धीर सुटला होता.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने ऑक्टोबर १९७७ मध्ये तात्पुरती आणि १९७८ मध्ये कायमची बंदी घातली. बंदी घालताना एक मजेशीर अडचण समोर आली. तोवर टेनिसच्या नियमांत रॅकेटची व्याख्याच नव्हती! मनात आणलं असतं तर कोणी तवा घेऊन उतरला असता, तरी त्याला अडवणारं कलम सापडलं नसतं. दोन थरांमुळे चेंडूला दोनदा स्पर्श होतो, असा एक आक्षेप घेऊन पाहिला गेला. शेवटी रॅकेट म्हणजे काय हेच लिहून काढावं लागलं.

तो नियम आज असा आहे. मारण्याचा पृष्ठभाग सपाट हवा. तारा फ्रेमला जोडलेल्या आणि एकमेकींना छेदतात तिथे आलटूनपालटून विणलेल्या किंवा चिकटवलेल्या हव्यात. वीण साधारण एकसारखी हवी, आणि मध्यभागी ती बाकी भागापेक्षा विरळ नको. दोन्ही बाजूंचे गुणधर्म सारखे हवेत. तारांचा एकापेक्षा जास्त संच चालत नाही, वेगवेगळ्या पातळीवरच्या तारा चालत नाहीत. या ओळी वाचताना प्रत्येक शब्दामागे फिशरची रॅकेट उभी दिसते. डॅम्पनरलाही, म्हणजे तारांची थरथर कमी करणाऱ्या रबरी तुकड्यालाही, हाच नियम लागू आहे. तो छेदणाऱ्या तारांच्या जाळीबाहेर लावायचा, म्हणजे व्यवहारात शेवटच्या आडव्या तारेच्या खाली. आपल्याकडे क्लबात कित्येक जण तो शेवटच्या दोन आडव्या तारांच्या मधे बसवतात. ते नियमाबाहेर आहे.

एवढा कडक नियम, पण तारा किती ओढायच्या यावर त्यात एक अक्षर नाही. त्यामुळे टेन्शनच्या, म्हणजे तारांच्या ताणाच्या बाबतीत व्यावसायिकांनी दोन्ही टोकं गाठली आहेत. ब्यॉर्न बोर्ग डॉने कंपनीच्या लाकडी रॅकेटवर सुमारे ८० पाउंड, म्हणजे ३६ किलोच्या आसपास ओढून घ्यायचा. रात्री हॉटेलच्या खोलीत तारा आपोआप तुटल्याच्या आवाजाने जाग यायची, हा किस्सा प्रसिद्ध आहे. लाकडी फ्रेमवर इतका ताण आला की ती वाकते, म्हणून पॅक करताना चौकटीत आवळून ठेवावी लागते. पीट सॅम्प्रस ८५ चौरस इंचांच्या छोट्या डोक्यात बारीक नैसर्गिक गट (जनावरांच्या आतड्याची तार) ७५ पाउंडांच्या आसपास ओढायचा. याच्या उलट टोकाला फ्रान्सचा आद्रियन मानारिनो. तो ११ किलोच्या आसपास, म्हणजे जेमतेम २५ पाउंडांवर खेळतो. एवढ्या ढिल्या गटिंगवर चेंडू खूप लांब उडायला हवा. मानारिनोचा स्विंग मात्र आखूड आणि सपाट आहे, वेग तो समोरच्याच्या चेंडूतूनच घेतो, म्हणून त्याला हे झेपतं. लांब स्विंगने सपाट फटके मारणाऱ्याने हे टेन्शन लावलं तर चेंडू मागच्या कुंपणावर जाईल.

आणि स्पॅगेटीचं काय झालं? माझ्या मते ती वीस वर्षांनी मागच्या दाराने परत आली. १९९७ मध्ये गुस्ताव्हो कुएर्तेनने फ्रेंच ओपन जिंकली, तेव्हा त्याच्या रॅकेटमध्ये लक्झिलॉनच्या पॉलिएस्टर तारा होत्या. पॉलिएस्टर गुळगुळीत आणि कडक असतं. नियमाप्रमाणे विणलेलं असूनही उभी तार आडवीवरून घसरते आणि लगेच परत येते. फिशरने नळ्या आणि दोऱ्या वापरून जे साधलं, तेच इथे तारेच्या पदार्थाने साधलं. परिणाम तितका टोकाचा नाही, पण तत्त्व तेच. आज खेळाडू तारा सरळ करताना दिसला तर बहुधा ती सवय असते. पॉलिएस्टरच्या तारा स्वतःच जागेवर येतात.

म्हणून पॉलिएस्टर मेलं की नाही हे ओळखायची सोपी खूण अशी: चेंडू मारल्यावर उभ्या तारा वाकड्याच राहू लागल्या, किंवा छेदांवर खोल खाचा दिसल्या, की घसरणं संपलं. तार तुटलेली नसली तरी काढा. पॉलिएस्टर टेन्शन फार लवकर सोडतं. व्यावसायिक प्रत्येक सामन्याआधी नवं गटिंग करून घेतात. क्लबात खेळणाऱ्याने तार तुटायची वाट पाहिली तर महिनोन्‌महिने मेलेल्या, कडक तारांवर खेळणं होतं आणि मग कोपर धरतं. नायलॉनला ५५ पाउंड लावत असाल तर पॉलिएस्टरला ४८ ते ५० पुरे. कोपराचा त्रास असेल तर उभं पॉलिएस्टर आणि आडवं नायलॉन असं हायब्रिड करावं. फेडरर आणि जोकोविच यांनी उलटं केलं: उभा नैसर्गिक गट, आडवं पॉलिएस्टर. त्यात मऊ गट गुळगुळीत पॉलिएस्टरवरून घसरतो. पण नैसर्गिक गट महाग, शिवाय ओलाव्याने फुगून उकलतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता फ्रेमबद्दल. इथे नियम बराच सैल आहे: एकूण लांबी ७३.७ सेंमीपर्यंत, रुंदी ३१.७ सेंमीपर्यंत, ऊर्जेचा स्रोत नको. बाकी हवी तशी बनवा. बनवणाऱ्यांनीही कसर सोडली नाही.

विल्सन टी-२००० ही जिमी कॉनर्सची स्टीलची रॅकेट. मूळ कल्पना रने लाकोस्तची, पेटंट १९५३ चं. विल्सनने ती १९६७ मध्ये अमेरिकेत आणली. तिच्या फ्रेमला गटिंगसाठी भोकं नाहीत. फ्रेमभोवती बारीक तार गुंडाळून तिचे वेटोळे आत काढलेले असतात आणि गटिंग त्यांतून ओवायचं. यामुळे जाळी थोडी तरंगती राहते आणि चेंडू जोरात सुटतो, पण किती जोरात ते दर वेळी वेगळं. गटिंग करणाऱ्याला तर ती नकोच वाटायची. कॉनर्स सपाट मारायचा, चेंडू लवकर घ्यायचा, म्हणून त्याला ती जमली. बाकी बहुतेकांनी सोडली.

हॉवर्ड हेडने प्रिन्स ही रॅकेट आणली ती १९७६ मध्ये. ११० चौरस इंचांचं डोकं, जेव्हा लाकडी रॅकेट ७० च्या आत असायची. चेंडू कडेला लागला की रॅकेट हातात पिळवटते. या पिळाला होणारा विरोध रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून थोड्या रुंदीने बराच फायदा होतो. लोक तिला म्हाताऱ्यांची रॅकेट म्हणून हसले. १९७८ मध्ये १६ वर्षांची पॅम श्रायव्हर ती घेऊन, उपांत्य सामन्यात नवरातिलोव्हाला हरवून, यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात पोहोचली आणि हसणं थांबलं.

लांबीचा हिशेब जरा निष्ठुर आहे. मायकेल चँगने १९९० च्या दशकात २७ ऐवजी २८ इंची प्रिन्स घेतली. उंची कमी असल्याने सर्व्हिसला उंचीचा फायदा हवा होता. पण मागे एक इंच वाढला की वजनाचा मध्य मुठीपासून तेवढाच दूर जातो. ३२० ग्रॅमची रॅकेट, तोल मुठीच्या टोकापासून ३३ सेंमीवर धरा. दांडा एक इंच लांबवला तर स्विंगवेट, म्हणजे फिरवताना जाणवणारा जडपणा (किलो-सेंमी वर्गात), ४० च्या आसपास वाढतं. स्विंगवेट ३२० असेल तर ते ३६० होतं. एवढी जड रॅकेट नेटवर वळवताना उशीर होतो, म्हणून लांब रॅकेट मुळातच हलकी करावी लागते. १९९७ पासून व्यावसायिकांसाठी ३२ इंचांची मर्यादा २९ वर आणली गेली.

स्विंगवेट वाढवायचंच असेल तर लांबीपेक्षा शिशाची पट्टी बरी. नियम तिला परवानगी देतो, मात्र फक्त फ्रेमवर, तारांवर नाही. पाव इंच रुंद पट्टी चार इंच कापली की साधारण १ ग्रॅम होते. डोक्याच्या टोकाला १ ग्रॅम लावला तर स्विंगवेट ३ पेक्षा थोडं जास्त वाढतं, दोन्ही कडांना मिळून १ ग्रॅम लावला तर २ च्या आत, आणि पिळाला विरोधही वाढतो. मुठीजवळ लावलेला ग्रॅम स्विंगला जवळजवळ जाणवत नाही. एका वेळी २ ग्रॅमच्या वर जाऊ नका आणि ग्रिपखालची पट्टी नीट दाबून बसवा, नाहीतर घामाने ती सुटते.

सगळ्यात विचित्र दिसणारी रॅकेट म्हणजे ब्रायन आणि डॅन बॅटिस्टोन या अमेरिकन भावांची, लायोनेल बर्टने बनवलेली दोन मुठींची. डोक्याखाली व्हीच्या आकारात दोन दांडे. उजवीकडचा चेंडू उजव्या हाताने, डावीकडचा डाव्या हाताने, म्हणजे बॅकहँड नाहीच, दोन्हीकडे फोरहँड. रशियाची एवगेनिया कुलिकोव्स्काया हेच साध्या रॅकेटने, हात बदलून करायची. तिथे खरी अडचण हात बदलताना मूठ शोधण्याची असते, कारण दोन्ही हातांना दांड्याचा तळ हवा असतो. दोन मुठींनी ती सुटते. नियम एका वेळी एकच रॅकेट वापरू देतो, मुठी किती हे सांगत नाही, त्यामुळे ही कायदेशीर आहे. तोटा दुसरीकडे आहे. जास्तीचा दांडा म्हणजे जास्तीचं वजन. शिवाय जोरदार सर्व्हिस थेट अंगावर आली तर कोणत्या हाताने मारायचं, हे ठरवायलाच वेळ जातो, आणि दुहेरीत नेटवर उभं असताना तेवढा वेळ मिळत नाही.