कोऱ्या बशीपासून: आमची वाटचाल

सुरुवातीला आमच्याकडे ना साचे होते, ना चाक. मोठ्या कारखान्यातून झिलई (भट्टीत वितळून बसलेला काचेसारखा थर) केलेल्या पांढऱ्या बश्या आणायच्या, चित्रकाराचं डिझाइन डेकलवर, म्हणजे बशीवर उतरवायच्या कागदावर, छापून घ्यायचं आणि विजेच्या लहान भट्टीत भाजायचं, एवढाच धंदा. 'दुसऱ्याच्या भांड्यावर स्टिकर चिकटवता होय!' असं लोक तोंडावर म्हणायचे. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. क्रांतीनंतर रशियातल्या सरकारी पोर्सिलेन (चिनी माती) कारखान्यात झारच्या काळातल्या कोऱ्या बश्यांचा साठा तसाच पडून होता. त्या काळात सुएतिन, चाश्निक या अमूर्त चित्रकारांचे काळे-लाल चौकोन पोर्सिलेनवर आले. बशी जुनी असली म्हणून चित्र जुनं होत नाही.

आणि डेकल म्हणजे स्टिकर नव्हेच. खास कागदावर रंगांचे थर आणि वर पारदर्शक लेप. कागद पाण्यात भिजला की चित्र सुटतं. ते बशीवर सरकवून रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी आणि हवा काढायची. मोहरीएवढा बुडबुडा राहिला तरी भट्टीत तिथला रंग फाटतो. 800 अंशांच्या आसपास लेप जळून जातो आणि रंग झिलईला धरतो.

खरी कसरत चित्रकारांबरोबरची. बहुतेक जण चौकोनी कागदावरचं चित्र घेऊन येतात. बशी गोल, ती कुठूनही बघितली जाते. सपाट चित्र वाडग्याच्या पोटात बसवलं की चुण्या पडतात, मग ते पाकळ्यांसारखं कापून पुन्हा जुळवावं लागतं. कोबाल्टचा निळा भट्टीला दाद देत नाही. कॅडमियमचा लाल मात्र जास्त आचेत उडून जातो. त्यात अन्नाला लागणारा भाग आला की परीक्षा वेगळीच: 4 टक्के अ‍ॅसिटिक आम्ल 24 तास भांड्यात ठेवून शिसं आणि कॅडमियम किती उतरतं ते बघतात. त्यामुळे आम्ही लाल रंग काठाच्या बाहेरच्या अंगालाच ठेवतो. यावरून एक-दोन चित्रकार रुसून गेलेही.

1934 मध्ये लंडनच्या हॅरॉड्स या मोठ्या दुकानात नामवंत चित्रकारांनी सजवलेल्या भांड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. पॉल नॅश, लॉरा नाइट, व्हनेसा बेल अशी मंडळी त्यात होती, विक्री मात्र बेताचीच झाली. एरिक रॅव्हिलियस या चित्रकाराने थोड्याच वर्षांनी वेजवूड या इंग्लिश भांडी कंपनीसाठी सजवलेला अक्षरांचा पेला (मग) मात्र आजही लोकांना हवासा वाटतो. माझ्या मते कारण साधं आहे. तो लाकडावर कोरणारा माणूस, त्याची रेघ छपाईच्या तंत्रात आपसूक बसली. तेव्हापासून (म्हणजे हे वाचल्यापासून!) मी आधी छापचित्रं करणाऱ्यांना विचारतो, तैलरंगवाल्यांना नंतर.

पुढे स्वतःचे साचे केले. माती वाळताना आणि भाजताना मिळून दहा-बारा टक्के आकसते, म्हणून आता चित्रकार आधी भट्टीतून निघालेला नमुना हातात घेतात, मग पेन्सिल. काठ किती रुंद ठेवायचा यावर तेच वाद घालतात, आणि आम्ही बऱ्याचदा ऐकतो.

हल्ली भिंतीवर टांगायला थाळ्या मागतात. पिकासोने फ्रान्समधल्या मादुरा या कुंभारकामाच्या कार्यशाळेत केलेल्या थाळ्याही आज कपाटांतच दिसतात, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. मागे टांगायचं भोक आम्ही ठेवून देतो. आम्लाची परीक्षा मात्र त्या थाळ्यांनाही चुकत नाही.