धुऱ्यावरचं यंत्र: कुमारांसाठी विज्ञानकथा लिहिताना

जाणीव असलेल्या यंत्राची गोष्ट कुमारांसाठी लिहायची म्हटली की ती बहुधा काचेच्या इमारतीत सुरू होते आणि तिसऱ्या प्रकरणात यंत्र बंड करतं. तीच गोष्ट यवतमाळकडच्या कपाशीच्या शेतात आणून पाहा. बंडाची आठवणही येत नाही. यंत्राला आधी संध्याकाळपर्यंत चार्जिंग पुरवायचं असतं.

म्हणून मन नंतर, आधी शरीर ठरवा. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लोखंडी खांब, त्यावर डबा. डब्यात 8 जीबी रॅमचा छोटा संगणक. 8 अब्ज पॅरामीटरचं (आत साठवलेल्या आकड्यांचं) भाषा-मॉडेल, म्हणजे वाक्यं जुळवणारा प्रोग्राम, दर आकडा 4 बिटांत दाबला की साधारण 5 जीबीत बसतं, म्हणजे इंटरनेट नसलं तरी बोलता येतं. पण हळू. मॉडेल शब्द तुकड्यातुकड्यांनी जुळवतं, आणि देवनागरी शब्दाचे बरेच तुकडे पडतात, त्यामुळे एकेक शब्द रखडत येतो. हा दोष लपवू नका. इतकं सावकाश बोलणारं पात्र वाचकाच्या लक्षात राहतं.

आता हिशेब. विचार करताना हा डबा 10 वॉट खातो असं धरा. 12.8 व्होल्ट, 20 अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे 256 वॉट-तास. घट धरून वीस-बावीस तास. 50 वॉटचं सोलर पॅनल उन्हात दिवसाला 200 वॉट-तासांच्या आसपास देतं. श्रावणात झड लागली की तेच 30-40 वर येतं, म्हणजे दिवसाला तीन-चार तासच विचार. ते तास कुठे घालायचे? रात्री रोही (नीलगायी) आणि रानडुकरांवर नजर ठेवायची, की दहावीतल्या पोरीशी संध्याकाळी बोलायचं? गोष्ट इथे सुरू होते. माझ्या मते जाणीव दाखवायची खरी जागा हीच. यंत्र विचार करतं का हे तपासायला गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने 1950 साली सुचवलेली कसोटी संभाषणावर उभी होती, आणि आज गोड बोलणं कुठलंही मॉडेल करतं. ‘मला वाईट वाटतं’ या वाक्याला यंत्राच्या पदरचं काही खर्च होत नाही. उरलेल्या चार्जिंगमधला एक तास कुणासाठी तरी दिला, तर होतं.

उन्हाळ्यात उलटा पेच. लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात उन्हातल्या बंद डब्यात त्याहून जास्त तापतं. मग बॅटरीचं संरक्षक सर्किट चार्जिंग तोडतं. वर ऊन रणरणतंय आणि डबा उपाशी! प्रोसेसरही 80 अंशांच्या पुढे स्वतःचा वेग कमी करतो, तेव्हा दुपारी यंत्र मठ्ठ होतं. पोरीने डब्यावर पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) आडोसा केला की ते ताळ्यावर येतं.

यंत्राला सर्वज्ञ करू नका. काळी माती सुकताना आकसते, भेगा पडतात, ओलाव्याच्या सेन्सरभोवती पोकळी होते आणि सेन्सर हवा मोजू लागतो. आकडा सांगतो शेत कोरडंठाक. बाप वीतभर खाली उकरून मूठ वळतो, ढेकूळ टिकतं. “काकाजी, पाणी द्या,” असं यंत्र म्हणतंय आणि तो म्हणतो, “काहून? वल तं हाये.” उपाय सोपा: त्याच मातीचा पातळ चिखल करून सेन्सरभोवती घट्ट ओतायचा. तो पोरीच्या हातून होऊ द्या.

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचंही तसंच. हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), आणि सलग तीन रात्री सापळ्यामागे 8 पतंग आले की धोक्याची पातळी. मोजणी कॅमेरा करू शकतो. पण अळीने पाकळ्या जाळ्याने गुंडाळलेलं फूल, म्हणजे डोमकळी, ओळीओळीने हिंडूनच सापडते, आणि हिरवी बोंडं फोडून पाहायची तर हातच लागतात. वीस बोंडांत दोन किडकी निघाली तर फवारणीचा विचार. खांबावरच्या यंत्राला हात नाहीत, हे कथानकाचं भांडवल आहे.

वीज पडली आणि यंत्र जागं झालं, असं मात्र लिहू नका. वीज पडली की बोर्ड जळतो, एवढंच होतं.

संघर्ष हवा असेल तर कुंपण घ्या. कुंपणाच्या तारेला जोडलेलं झटका मशीन साधारण सेकंदाला विजेचा एक छोटा ठोका देतं; जनावर दचकून पळतं, मरत नाही. त्याच तारेत कुणी थेट लाइनचा करंट सोडला तर जनावर मरतं, अंधारात पाणी द्यायला आलेला माणूसही मरतो, आणि तो गुन्हा आहे. दोन रात्रींत पीक लोळवलं गेल्यावर शेजारी हेच करायचं ठरवतो. यंत्राने तार पाहिली आहे. गावात सांगावं तर ज्या घराने त्याला उभं केलं त्याचं शेजाऱ्याशी वैर होईल. इथे यंत्राला चटकन शहाणपण सुचू देऊ नका.

आठवण मेमरी कार्डावर असते, आणि लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्ड बिघडू शकतं. मधले काही दिवस पुसले जातात. ती तार पाहिल्याची रात्र त्यातच गेली तर? पोरीने वहीत लिहून ठेवलं असेल, तर यंत्राला स्वतःबद्दलची गोष्ट दुसऱ्याच्या अक्षरात मानावी लागेल.

माणूस-यंत्र नात्याचं माप आपल्याकडे आधीपासून आहे: पोळा. आदल्या दिवशी खांदेमळणी, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,” आणि दुसऱ्या दिवशी बैलाला जू नाही. मग पोरीने विचारावं की डब्याला सुट्टी का नाही? बापाचं उत्तर लिहिणं अवघड आहे, कारण थकलेला बैल बाजारातही जातो, हे त्याला ठाऊक आहे. पाच वर्षांनी नवा डबा स्वस्तात मिळणार, हेही.

भाषेबद्दल एक. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, घरातलं बोलणं वऱ्हाडीत. यंत्र सुरुवातीला पुस्तकी बोलेल, ‘मले’, ‘तुले’ चुकीचं ऐकेल, चुकीची मोटर बंद करेल. ते वऱ्हाडी शिकेल तेही एका घराचं: आजीच्या म्हणी, बापाच्या शिव्या. त्यातली एखादी शिवी ते कृषी अधिकाऱ्यासमोर वापरेल, हा प्रसंग सोडू नका.