सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग डाय देऊन सीटी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. कोकणातल्या तालुक्याच्या दवाखान्यांतून नातेवाईक विचारतात, कधी डॉक्टरही: पोट असह्य दुखतंय, सोनोग्राफीत काही नाही, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढून 2 आलंय, मग किडनीला डायचा (शिरेतून द्यायच्या औषधाचा, ज्याने सीटीत रक्तवाहिन्या उजळ दिसतात) धोका कशाला घ्यायचा?

माणूस खाटेवर गडाबडा लोळतोय आणि हात लावावा तर पोट मऊ. हा मेळ बसत नसेल तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची, म्हणजे मेसेंटेरिक इस्केमियाची, शंका आधी घ्यायची. त्यात नाडी अनियमित असेल, किंवा झडपेचा जुना आजार असून रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद पडल्या असतील, तर हृदयातली गुठळी सुपीरियर मेसेंटेरिक धमनीत जाऊन अडकली आहे असं धरूनच चालायचं. जवळजवळ सगळं लहान आतडं आणि मोठ्याचा पहिला अर्धा भाग या एका धमनीवर जगतो. सोनोग्राफीत ती बहुतेकदा गॅसमागे झाकली जाते. रक्तातल्या लॅक्टेटवरही (ऊतींना रक्त कमी पडलं की हे वाढतं) विसंबू नका, सुरुवातीला ते नॉर्मल असू शकतं.

पण कसाही काढलेला सीटी चालत नाही. फॉर्मवर नुसतं 'पोटदुखी, सीटी अ‍ॅबडोमेन' लिहिलं की पेशंटला कॉन्ट्रास्ट (डाय) प्यायला देतात. त्यात तासभर जातो, आणि आतडं आतून पांढरं भरल्यामुळे त्याची भिंत रंग घेते की नाही तेच कळत नाही. मग 70 सेकंदांवर एकच फेरी होते. ती डाय शिरांत पोचण्याची वेळ, धमनीतली बारीक गुठळी तिथे निसटते. म्हणून स्पष्ट लिहा: 'मेसेंटेरिक इस्केमियाचा संशय, सीटी अँजिओ, धमनी व शिरा दोन्ही फेज, तोंडाने कॉन्ट्रास्ट नको.' आणि फोनही करा.

सुई कोपराच्या खळगीत, हिरवी 18 नंबरची. नाहीच मिळाली शीर तर गुलाबी 20. हाताच्या पाठीवरची निळी 22 सेकंदाला 4-5 मिलीचा वेग सोसत नाही, शीर फुटून डाय कातडीखाली जातो. डाय साधारण 100 मिली. आधी डायविना एक फेरी, मग सुमारे 30 सेकंदांनी धमनीची, 70 ला शिरांची. काप 1 मिमीचे.

वाचताना आडवे काप पुरत नाहीत, बाजूने पाहिल्यावर महाधमनीतून निघणारा फाटा मुळापासून दिसतो. हृदयातून आलेली गुठळी बहुधा मुळापासून काही सेंटीमीटर पुढे, मिडल कोलिक (मोठ्या आतड्याकडे जाणारा) फाटा सुटल्यावर अडकते, म्हणून जेजुनमची (लहान आतड्याच्या वरच्या भागाची) सुरुवात वाचलेली असते. जागीच साकळलेली असेल तर ती थेट मुखाशी, कॅल्शियमच्या थरावर. धमनी बंद असताना आतड्याची भिंत कागदासारखी पातळ राहते आणि रंग घेत नाही. जाड, सुजलेली भिंत दिसली तर शिरा नीट बघा. मूत्रपिंडात किंवा प्लीहेत पाचरीसारखा काळा तुकडा दिसला, तर गुठळ्या हृदयातूनच येत असल्याची शंका बळावते. भिंतीत हवेचे बुडबुडे, यकृताच्या कडेपर्यंत शिरांत हवा, हे बहुतेकदा उशिराचं चित्र. बीपी खालावलेल्या, बीपी वाढवणाऱ्या औषधांवर असलेल्या पेशंटमध्ये मात्र सगळ्या धमन्या उघड्या असूनही आतडं उपाशी असू शकतं.

आता क्रिएटिनिन. ते वाढलंय म्हणून हा सीटी थांबवू नका. सलाईन द्या, मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) 48 तास बंद ठेवा आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासूनच सुरू करा. किडनी बिघडलीच तर डायलिसिस आहे. रक्त पूर्ण तुटलं तर सुमारे 6 तासांत आतडं मरू लागतं, आणि सगळं गेलं तर सर्जनच्या हाती फारसं काही उरत नाही.

त्या 6 तासांतले कितीतरी आपल्याकडे रस्त्यातच जातात. सावंतवाडीहून बांबोळी (गोव्याचं मेडिकल कॉलेज), रत्नागिरीहून आंबा घाटातून कोल्हापूर. म्हणून सीटी गावातच होत असेल तर करून घ्या. निदान झालं की पुढच्या सर्जनशी बोला, रक्तस्रावाची भीती नसेल तर हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) निघण्याआधीच सुरू करा, आणि नुसत्या फिल्म न देता सगळ्या कापांची सीडी पेशंटबरोबर द्या, म्हणजे तिथे तोच सीटी पुन्हा करावा लागणार नाही.