कोयता आणि टोळी

गेल्या वर्षी जानेवारीत पुण्यात रूम शोधत होतो. एक वन बीएचके आवडला, डिपॉझिट ठरलं, मालकीणबाईंनी चहासुद्धा केला, आणि कप हातात देता देता विचारलं, "गाव कुठलं हो तुमचं?" मी म्हणलं बीड. बाई एकदम गप्प झाल्या. मग "हो का, हो का" करत दोनदा म्हणाल्या आणि विषय पाण्याच्या टाकीवर नेला. संध्याकाळी एजंटचा फोन, दादा त्यांना नातेवाइकालाच द्यायचाय म्हणे. दोन दिवसांनी त्याच फ्लॅटचे फोटो परत ग्रुपवर आले, त्याच किचनचे, त्याच निळ्या पडद्याचे.

तेव्हा बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख ह्यांच्या खुनाला जेमतेम महिना झाला होता. ९ डिसेंबर २०२४. ते जे झालं ते इतकं भयंकर होतं की आमच्या घरी कित्येक दिवस टीव्ही लावला की आई उठून आत जायची. त्यामुळं बीडमध्ये गुंडगिरी नाही असं मी म्हणणार नाही, खंडणी आहे, वाळूचा धंदा आहे, ढिगानं शस्त्र परवाने वाटले होते, हे सगळं खरं आहे आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला होतो तर तिथंच राहणाऱ्या माणसाला. पण मला एक कळत नाही, ज्यांचा खून झाला ते सरपंच बीडचेच होते ना? त्याच महिन्यात न्याय मागायला बीडमध्ये एवढा प्रचंड मोर्चा निघाला, ती हजारो माणसं कुठली होती? मग बीडचा माणूस म्हणलं की डोळ्यासमोर मारणाराच का येतो, मोर्चात चालणारा का येत नाही?

ऑफिसमध्ये तर रोजचंच झालं होतं. "ह्याच्या नादी लागू नको, बीडचाय, कट्टा काढील." पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा हसलो, नंतर हसणं जमेना. "बीडचा बिहार झाला" हे वाक्य तर चहाच्या टेबलावर सर्रास. एकदा असंच कोणीतरी म्हणलं आणि माझ्या शेजारी बसणारा पोरगा बिहारमधल्या दरभंग्याचा, तो दोन-तीन वर्षांत मराठी शिकलाय, त्याला सगळं कळलं. त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं. एका वाक्यात दोन जिल्ह्यांच्या नाही तर एका जिल्ह्याच्या आणि एका अख्ख्या राज्याच्या माणसांना चोर ठरवून टाकलं आणि म्हणणाऱ्याला त्याचं काहीच नाही.

आणि तो शब्द, कोयता. पुण्यात पेपर उघडला की कोयता गँग. इथल्या लोकांना कोयता म्हणलं की गाडीच्या काचा फोडणारी पोरं आठवतात, त्यात माझं गाव बीड म्हणलं की संपलंच. आमच्याकडं कोयता म्हणजे काय माहितीये का? आमच्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायको. ऊसतोडीला जोडपं जातं ना, ते दोघं मिळून एक कोयता. मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, हिशोब असाच करतो, यंदा किती कोयते, आणि एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. अशा दहा-पंधरा कोयत्यांची मिळून होते ती टोळी. हो, टोळीच म्हणतात. दसरा झाला की गावात लोक एकमेकाला विचारतात, तुमची टोळी कधी निघणार.

माझे चुलता-चुलती अजूनही जातात. शिरूर कासार तालुक्यातनं, बालाघाटाच्या उतारावरचं आमचं गाव, पाऊस झाला तर बाजरी-कापूस नाहीतर काहीच नाही. उन्हाळ्यात मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने कारखान्याच्या भागात कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, करून राहायचं. पहाटे अंधारात ऊसाच्या फडात उतरायचं, ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची, आणि ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरनं वर चढायचं. मी बारावीच्या सुट्टीत आठ दिवस गेलो होतो. तिसऱ्या दिवशी मला मोळी उचलवेना, आणि चुलती माझ्यापेक्षा निम्म्या वजनाची, ती फळीवरनं वर जायची तेव्हा फळी लवलव करायची आणि ती खाली न बघता पाय टाकायची. पायाच्या बोटानंच तिला फळीची कड कळते. ऊसाच्या पानानं हात असे कापलेले असतात की रात्री भाकरी थापताना मिठाचा हात लावायची भीती वाटते.

एक दिवस कामाला गेलं नाही तर त्याला खाडा म्हणतात, खाड्याचे पैसे कापतात, ताप असो काही असो. ह्या खाड्याच्या भीतीनं कितीतरी बायकांनी गर्भाशयं काढून घेतली, हे २०१९ ला बाहेर आलं तेव्हा बीडचं नाव सगळीकडं गाजलं. मग लोक म्हणाले, किती मागास जिल्हा. मागास कोण, ती बाई की तिला पाळीचे दोन दिवससुद्धा न देणारा हिशोब, ह्यावर कोणी जास्त बोललं नाही. तुमच्या चहात जी साखर पडते ना, त्या मालकीणबाईंनी मला दिलेल्या चहातलीसुद्धा, तिच्यातली किती आमच्या जिल्ह्यातल्या हातांनी तोडलेल्या ऊसाची असंल ह्याचा विचार माझ्या डोक्यातनं तेव्हापासून जातच नाही.

धावपटू अविनाश साबळे आमच्याच जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातला. २०२२ ला बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थमध्ये स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं सिल्व्हर, २०२३ ला हांगझोऊला एशियन गेम्सचं गोल्ड. तेव्हा ऑफिसात एकानंही विचारलं नाही की अरे तुमच्या बीडचा ना हा? मीच सांगितलं, तर "अच्छा" म्हणाले.

पण मला खरं जे लिहायचंय ते वेगळंच आहे. शेवटी दुसरीकडं रूम मिळाली. ॲग्रीमेंट एजंटनंच केलं, मालक बाहेरगावी, त्यामुळं कोणी काही विचारलं नाही. पहिल्याच आठवड्यात शेजारचे काका जिन्यात भेटले, चांगले माणूस, विचारलं, "मूळचे कुठले तुम्ही?" आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "नगरकडचा." विचार करून नाही बोललो, आपसूक आलं. त्या दिवसापासनं गाडीसुद्धा अशी लावायला लागलो की बीडची एमएच २३ ची प्लेट भिंतीकडं राहील.

परवा चुलतीचा फोन आला, कारखान्यावरनं, मागं ट्रॅक्टरचा आवाज. "खोलीवर नीट हाईस ना रं? शेजार कसाय?" मी म्हणलं चांगलाय. "मग आपल्या गावचं सांगितलं का त्यास्नी? म्हणावं माझी चुलती ऊसाला असती, येताना चांगला मऊ ऊस घेऊन येती तुमच्या नातवंडांला. सांग बरं का."

मी हो म्हणलं आणि फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. तिला वाटत होतं की आपलं गाव सांगितलं की शेजाऱ्याला आनंदच होणार.

त्याच रात्री काकांची बेल वाजवली. म्हणलं काका, मी नगरचा नाही, बीडचा आहे, शिरूर कासार. ते चष्मा काढत म्हणाले, "मग नगर का सांगितलंत?" त्यावर जिन्यातच उभं राहून जे सांगत बसलो, फ्लॅटचं, ऑफिसचं, कोयत्याचं, टोळीचं, चुलतीचं, तेच आज इथं लिहिलंय.