पितळेचा जुनेपणा

आज बेळगावच्या टिळकवाडीत एका तरुण चित्रकाराची तैलचित्रं पाहिली. कंदील, पितळी स्टोव्ह, अडकित्ता, पानाचा डबा. हात तयार होतोय.

पितळेला बहुतेक जण थेट पिवळा लावतात आणि भांडं प्लास्टिकचं दिसतं. इथं यलो ऑकर (मातकट पिवळा), रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि सावलीत हिरवट करडा. लख्ख पिवळा जेमतेम चमकेच्या कडेला. चमकसुद्धा पांढरीफटक नाही, खिडकीतल्या उजेडाची, किंचित निळसर. झीज बरोबर जागी आहे: पंपाची मूठ, डब्याची कडी, म्हणजे हात लागतो तिथं उजळ आणि सांध्यात काळपट हिरवं. सगळ्यावर तपकिरी हात फिरवून 'जुनं' करायची सोपी युक्ती टाळलीय, हे फार आवडलं. कंदिलाची काच तर रंगवलेलीच नाही. आधी मागची भिंत, मग दोन गडद कडा, एखादी चमक. बस्स.

गडबड झालीय स्टोव्हच्या टाकीत. वरचं आणि तळाचं वर्तुळ सारखंच चपटं. नजरेच्या पातळीखाली जितकं जाल तितकं वर्तुळ उघडत, म्हणजे जास्त गोल दिसत जातं. चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या गावात ड्रॉइंगची चूक कशी लपणार!

एका कॅनव्हासवर बारीक तडे दिसले. खाली आयव्हरी ब्लॅक (काळा रंग), जो सावकाश वाळतो. वर अंबर, जो लवकर वाळतो, म्हणून वरचा थर तडकला. खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त, जवसाचं तेल वरच्या थरांत, हा क्रम पाळायलाच हवा. त्यात आपला बेळगावी पाऊस! कॅनव्हास भिंतीला चिकटवून ठेवला की मागून बुरशी धरते. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, ढिला पडला तर चौकटीच्या कोपऱ्यातल्या पाचरी हलक्या ठोका.