कान दुखतोय म्हणून गेले आणि स्प्लिंट घेऊन आले

मागच्या पावसाळ्यात उजवा कान ठणकायला लागला, कानाच्या डॉक्टरांकडे गेले, थेंब झाले, गोळ्या झाल्या, फरक शून्य. ते म्हणाले कान एकदम स्वच्छ आहे. मग एकदा भाकरी खाताना कानापाशी कट्ट झालं आणि तोंड अर्ध्यातच अडकलं, एरवी तीन बोटं उभी मावतात तिथे दोनही जाईनात. तेव्हा कुठे दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कानापुढचा जबड्याचा सांधा चाचपला, गालाचा स्नायू दाबला तर मी खुर्चीतच उडाले. झिजलेल्या दाढा बघून विचारलं, झोपेत दात खाता का? मी नाही म्हटलं, नवरा मागून हो म्हणाला. म्हणजे दुखणं कानाचं नव्हतंच, जबड्याचं होतं.

खरं तर त्याआधी ऑनलाइन एक गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा गार्ड मागवून झाला होता, तो मी रात्रभर च्युइंगमसारखा चावत बसायचे आणि सकाळी जबडा जास्तच आखडायचा. आता रीतसर माप घेतलं, तो गारेगार लगदा तोंडात भरून नाकाने श्वास घेत बसायचं, उमासे नुसते! आठवड्याने कडक पारदर्शक ॲक्रिलिकचा स्प्लिंट, म्हणजे रात्री दातांवर घालायचं कवच, आला. सासूबाई बघून म्हणाल्या, "अगं इतक्यात कवळी?"

पहिले काही दिवस लाळेने उशी ओली, बोलणं बोबडं आणि दुखणं उलट वाढलं. मी तर तो डबीत टाकून मोकळी होणार होते, पण डॉक्टरांनी बोलावून निळा कागद चावायला दिला, एका बाजूला डाग गडद उमटला, म्हणजे तिथेच आधी टेकत होतं, ते घासलं. असं तीनदा झालं तेव्हा कुठे दोन्ही बाजू सारख्या टेकल्या आणि सकाळचं ठणकणं कमी झालं. त्यामुळे नुसता स्प्लिंट घेऊन घरी बसू नका, घासून घ्यायला जाच.

दुसरं म्हणजे तो रात्रीपुरता, मी तर दिवसाही लॅपटॉपसमोर दात आवळून बसायचे. खाताना गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायलाच नकोत, हे मला चाळिशीत कळलं. मॉनिटरवर 'सुटे' अशी चिठ्ठी लावली तर शेजारचा विचारतो, किती हवेत?

आता चार महिने झाले. तीन बोटं मावतात, कट्ट आवाज अधूनमधून येतो पण दुखत नाही तोवर सोडून द्या, असं डॉक्टर म्हणाल्या. स्प्लिंटवर ओरखडे दिसतात, म्हणजे दात खाणं चालूच आहे, निदान दाढा तरी वाचतायत. दिवाळीत चकली चहात बुडवून खाल्ली, सासूबाईंना आता पक्की खात्री आहे की ती कवळीच आहे.