पेशी माझ्याच, गाठीभोवतीची वस्तीही माझीच

डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा हा बी-पेशी नावाच्या रोगप्रतिकारक पेशींचा माझा कर्करोग दुसऱ्यांदा उलटला, तेव्हा कार-टी उपचार घेण्याचे ठरले. माझ्याच रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे शत्रुपेशींवर हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, काढायच्या, बी-पेशींवरची सीडी19 ही खूण ओळखणारा रिसेप्टर प्रयोगशाळेत त्यांच्यावर बसवायचा आणि वाढवलेल्या पेशी शिरेतून परत द्यायच्या, एवढे मला समजले होते. पेशी नीट तयार झाल्या की काम झाले, अशी माझी समजूत होती.

पेशी काढण्याच्या दिवशी चार तास हात न हलवता यंत्राशेजारी पडून राहिले. ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरले आहे, असे सांगून नर्सने ते लगेच दिले. पेशी तयार होऊन यायला तीन आठवडे लागणार होते, आणि तोवर पोटातल्या गाठीला रेडिएशन द्यावे, असे डॉक्टरांचे मत पडले. शरीर आधीच थकलेले होते. पेशीच गाठ संपवणार असतील तर हे आणखी कशाला, असे मी विचारले.

डॉक्टरांनी कागदावर एक वर्तुळ काढले आणि त्यात दोन रंगांचे ठिपके भरले. गाठ म्हणजे नुसत्या कर्करोगाच्या पेशींचा गोळा नसतो. तिच्यात आपल्याच रोगप्रतिकारक पेशींची, विशेषतः मॅक्रोफेजची, दाट वस्ती असते, असे त्यांनी समजावले. एरवी जंतू आणि मृत पेशी गिळणाऱ्या या पेशी गाठीच्या सहवासात वळण बदलतात. त्यांच्या पृष्ठभागावरचे पीडी-एल1 हे प्रथिन टी-पेशींचा ब्रेक दाबते, त्यांचे आर्जिनेज हे विकर टी-पेशींना वाढीसाठी लागणारे आर्जिनिन संपवते, आणि त्या सोडत असलेल्या आयएल-10 सारख्या संदेशवाहक द्रव्यांमुळे हल्ल्याची धार बोथट होते. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच होती : टी-पेशी लढताना इंटरफेरॉन गॅमा हे जे संदेशवाहक द्रव्य सोडतात, त्यानेच आसपासच्या पेशींवर पीडी-एल1 वाढते. गाठ मोठी आणि दाह जुना असेल, तर ही अडवणूकही मोठी असते. 2017 मध्ये अमेरिकेत मोठ्या बी-पेशी लिम्फोमासाठी मान्यता मिळालेल्या पहिल्या कार-टी उपचाराच्या चाचणीत दोन वर्षांनंतरही परिणाम टिकून राहिलेले रुग्ण साधारण 40 टक्के होते. उरलेल्यांच्या बाबतीत या वस्तीचा वाटा किती, हा आज संशोधनाचा मोठा विषय आहे. मी रेडिएशनला होकार दिला.

त्यानंतर तीन दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोथेरपीची औषधे झाली. नव्या पेशींना जागा मिळावी आणि त्यांना आवरणाऱ्या जुन्या पेशी कमी व्हाव्यात, हा त्यामागचा हेतू होता. पेशींची पिशवी कोमट पाण्यात वितळवून लावली आणि काही मिनिटांत रिकामीही झाली.

तिसऱ्या दिवशी ताप 39.5 अंशांवर गेला. हा ताप चढवणारे आयएल-6 हे संदेशवाहक द्रव्य मुख्यतः मॅक्रोफेजच्याच कुळातल्या पेशी सोडतात, हे कळल्यावर या पेशींबद्दलचा माझा धसका वाढला. आयएल-6 ला अडवणाऱ्या टोसिलिझुमॅब या औषधाने ताप उतरला. मेंदूवर परिणाम होत नाही ना, हे पाहण्यासाठी रोज एक वाक्य लिहून द्यावे लागे. सहाव्या दिवशी त्याच वाक्यातली अक्षरे ओळीखाली घसरली, आणि ती वही पाहून दादा खोलीबाहेर निघून गेला. दोन दिवसांनी अक्षर पुन्हा सरळ झाले.

साखर जास्त शोषणाऱ्या जागा चमकताना दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये तिसाव्या दिवशी गाठीच्या जागी अजून चमक होती, डोव्हिल गुण 4 (ही चमक मोजणारी 1 ते 5 ची मोजपट्टी, गुण जितका कमी तितके चांगले). उपचार फसला, असेच मला वाटले. परंतु दाहातले मॅक्रोफेजही साखर भरपूर शोषतात, त्यामुळे केवळ चमकेवरून कर्करोग उरला आहे असे ठरवता येत नाही, आणि काही रुग्णांत अपुरा प्रतिसाद पुढे पूर्ण होतो, असे सांगून डॉक्टरांनी थांबायला लावले. ते दोन महिने फार जड गेले. नव्वदाव्या दिवशी गुण 2 आला.

माझ्या निरोगी बी-पेशी अजून परतलेल्या नाहीत. त्यामुळे दर महिन्याला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे त्या पेशींमुळे एरवी मिळणारी प्रतिपिंडे, बाहेरून घेते, आणि पुढचा स्कॅन सहाव्या महिन्यात आहे.